ट्रान्सफर केसच्या मागच्या सीलमधून ऑइल गळती, हँडब्रेकही धरत नाही (महिंद्रा एमएम ५४०)

घाटवाटा५४०

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे वडिलांनी घेतलेली महिंद्रा एमएम ५४० आहे. प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन, चार गिअर, फोर बाय फोर. रोजच्या वापरात नसते, पण वेल्हे, पानशेत, ताम्हिणी या बाजूला जायचं म्हटलं की तीच निघते. गाडी विकायची नाही, त्यामुळे "एवढ्या जुन्या गाडीवर कशाला खर्च करताय" हा सल्ला कृपया नको.

त्रास असा आहे. ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) मागच्या बाजूने ऑइल गळतंय. आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादा ठिपका दिसायचा, आता रात्रभर उभी राहिली की सकाळी ताटलीएवढा डाग असतो. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे हँडब्रेक धरेनासा झालाय. ज्यांना या गाड्यांची रचना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसमधून मागे जाणारा जो प्रोपेलर शाफ्ट आहे, त्याच्या तोंडाशीच एक छोटा ड्रम आहे आणि हँडब्रेक त्या ड्रमवर चालतो. सील बसतं ते या ड्रमच्या आतल्या अंगाला, केसच्या कॅपमध्ये. म्हणजे सील गळलं की ऑइल सरळ ड्रममध्ये आणि तिथून ब्रेकच्या लायनरवर. सिंहगडाच्या चढावर गाडी लावायची तर चाकाला दगड लावल्याशिवाय उतरता येत नाही. पासिंग जवळ आलंय, तिथे हँडब्रेक बघतातच.

गळती नक्की कुठून आहे ते आधी पाहून घेतलं. खालचा सगळा भाग रॉकेल आणि ब्रशने धुतला, फडक्याने कोरडा केला आणि त्यावर साधी टाल्कम पावडर उडवली. मग खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो आणि टॉर्च घेऊन खाली शिरलो. इंजिनच्या बाजूची पावडर कोरडी. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या जोडाशी कोरडी. केसच्या तळाचं झाकण आणि मागची पीटीओची (बाहेरचं यंत्र चालवायला ताकद काढून घ्यायची जागा) प्लेट, दोन्ही कोरडी. ओली फक्त ड्रमची खालची कड. आणि ड्रमच्या बरोबर वर, बॉडीच्या पत्र्यावर आडवी एक ओली रेघ, अगदी पट्टीने ओढल्यासारखी. ऑइलला तो गंधकाचा उग्र वास आहे, म्हणजे गिअर ऑइलच. इंजिन ऑइल वाऱ्याने मागे आलेलं नाही, एवढं नक्की.

दोन ठिकाणी विचारलं. एका गॅरेजचं म्हणणं, अख्खी ट्रान्सफर केस उतरवावी लागेल. दुसरे म्हणाले, सील काढून नवं ठोकतो, अर्ध्या दिवसाचं काम. दोघांपैकी कुणीही गाडीखाली वाकून बघितलं नाही. म्हणून इथे विचारतोय. केस जागेवर ठेवून सील बदलता येतं ना? आणि सील बदलताना आणखी काय बघून घ्यावं?

जिप्सीवेडा

वासाची आणि पावडरची पद्धत एकदम योग्य. पत्र्यावरची ती आडवी रेघ हाच पुरावा आहे. फिरणाऱ्या भागावर ऑइल आलं की ते भिरकावलं जातं आणि गोल उडतं. गॅस्केटमधून येणारं ऑइल उडत नाही, भिंतीवरून ओघळत खाली येतं. रेघ दिसली की आउटपुट सील.

माझी मारुती जिप्सी आहे, तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. मध्ये एक छोटा शाफ्ट असतो आणि केस स्वतंत्रपणे रबरच्या माउंटिंगवर चॅसीला टांगलेली असते. त्यामुळे आमच्याकडे सील गेलं की आधी ती रबरं बघायची. रबर चिरलं की केस हलते, शाफ्टचा कोन बिघडतो, थरथर सुरू होते आणि नवं सीलही टिकत नाही. तुमच्या गाडीला हा प्रकार नाही, पण तत्त्व तेच. सील का गेलं हे कळल्याशिवाय नवं बसवू नका.

दापोडीकर

घाटवाटा, मी एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत आयुष्य काढलंय. मोठ्या गाड्यांवर काम केलं, पण सील सगळीकडे सारखंच. तुमच्या जीपची केस स्पायसर १८ जातीची आहे. हीच रचना १९४१ पासून विलीजच्या लष्करी जीपला होती. सगळी गिअरवर चालणारी, आत साखळी नाही. मागचं आउटपुट मधोमध नसून एका अंगाला. केस उतरवायची काही गरज नाही. मागचा शाफ्ट, ड्रम आणि फ्लँज (शाफ्ट जिला जोडतात ती केसमधून बाहेर आलेली चकती) काढली की सील समोर दिसतं.

पण काम सुरू करण्याआधी एक गोष्ट घट्ट लक्षात ठेवा. मागचा शाफ्ट सोडला की तुमच्या गाडीला हँडब्रेक राहिला नाही आणि गिअरचा आधारही राहिला नाही. दोन्ही त्या शाफ्टमधूनच मागच्या चाकांना धरतात. शेवटचा बोल्ट निघाला की गाडी मोकळी. आणि तुम्ही तिच्याखाली. म्हणून जमीन सपाट हवी, चारही चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे हवेत, आणि गाडी उचलली असेल तर चॅसीखाली पक्के स्टँड. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जायचं नाही, पाच मिनिटांसाठी सुद्धा नाही.

आता काय बघायचं ते.

शाफ्ट काढायच्या आधी ड्रम हाताने धरून वर-खाली आणि पुढे-मागे हलवा. खटखट जाणवली तर बेअरिंगमध्ये प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे. तसं असेल तर सील कितीही चांगलं आणा, शाफ्ट आतल्या आत डोलतोय तोवर सीलचा रबरी ओठ एका बाजूने दाबला जाणार आणि दुसऱ्या बाजूने उघडा पडणार. या केसमध्ये मागच्या शाफ्टला टेपर रोलर बेअरिंग आहेत आणि त्यांचा प्ले मागच्या कॅपखालच्या शिमने, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्यांनी ठरतो. कॅप काढावी लागली तर त्या शिम जशा निघतील तशा एकत्र तारेत ओवून ठेवा, एकही इकडेतिकडे होता कामा नये.

शाफ्ट काढताना दोन्ही टोकांना आणि मधल्या सरकत्या जॉइंटवर खुणा करा. छिन्नीची हलकी खूण किंवा ऑइल पेंट. जोडताना दोन्ही टोकांचे काटे एकाच रेषेत आले नाहीत तर गाडी वेगात हादरते. डिफरन्शियलच्या बाजूचे यू-बोल्ट सोडले की क्रॉसच्या (शाफ्टच्या टोकाच्या जॉइंटमधला अधिक चिन्हासारखा तुकडा) वाट्या लगेच चिकटपट्टीने बांधून टाका. त्या वाट्यांतल्या सुया एकदा मातीत पडल्या की क्रॉस नवा घ्यावा लागतो.

फ्लँजचा मोठा नट सोडायला फ्लँज धरून ठेवावी लागते. दोन भोकांत बोल्ट घालून एक लोखंडी पट्टी लावा आणि तिचं दुसरं टोक चॅसीवर टेकवा. नट सुटल्यावर फ्लँज पुलरनेच काढा. ड्रमच्या कडेवर हातोडी मारली तर बीड चिरतं.

नवखा_बाणेर

फार उपयोगी माहिती. काका, एक मूलभूत प्रश्न. सील म्हणजे शेवटी रबरच ना? जुनं झालं, कडक झालं, नवं घातलं, संपलं. मग लोक "बदललं तरी परत गळतंय" असं का म्हणतात?

लेथवाली

याचं उत्तर मी देते. भोसरीत आमचं टर्निंग आणि ग्राइंडिंगचं वर्कशॉप आहे आणि अशा फ्लँज आमच्याकडे सतत येतात.

ऑइल सील एकटं काही अडवत नाही. रबराचा ओठ आणि फ्लँजचा गुळगुळीत दंडगोल, या दोघांमध्ये ऑइलचा अतिशय पातळ थर राहतो आणि तो थरच बाकीचं ऑइल आत ठेवतो. ओठामागे बारीक स्प्रिंग असते, ती दाब कायम ठेवते. वर्षानुवर्षं त्याच जागी ओठ घासला जातो. घाटातली धूळ आणि ओढ्यातली वाळू ओठाखाली अडकली की तीच एमरीचं काम करते. रबर मऊ आणि लोखंड कडक असलं तरी खोबण पडते ती लोखंडात. फ्लँज हातात घेऊन नखाने आडवं घासून बघा. नख अडकलं तर नवं सील त्याच खोबणीत बसणार आणि काही दिवसांत परत थेंब सुरू होणार. "बदललं तरी गळतंय" याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

खोबण निघाली तर मार्ग असे.

खोबण अगदी पुसट असेल तर सील दोन-एक मिलिमीटर कमी किंवा जास्त खोल बसवायचं, म्हणजे ओठ ताज्या जागेवर येतो. कॅपमध्ये तेवढी जागा आहे का ते आधी मोजा.

नख अडकत असेल तर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवायची. एसकेएफची स्पीडी स्लीव्ह म्हणून येते. भिंतीची जाडी साधारण ०.२८ मिलिमीटर, त्यामुळे सीलची साइज बदलावी लागत नाही. फ्लँजचा खोबण नसलेल्या जागी मायक्रोमीटरने व्यास घ्या आणि त्या मापाची स्लीव्ह मागवा. खोबण खोल असेल तर आधी त्यात मेटल इपॉक्सी भरून वरून स्लीव्ह.

तिसरा मार्ग हार्ड क्रोम करून ग्राइंड करणं. चांगला टिकतो, पण खर्च जास्त आणि वेळही.

एक गोष्ट मात्र करू देऊ नका. वेल्डिंगने भरून लेथवर उतरवून देतो असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. एक तर उष्णतेने फ्लँज वाकते. दुसरं म्हणजे लेथच्या टूलने फिरवलेल्या पृष्ठभागावर आट्यासारखी अतिशय बारीक रेघ राहते. डोळ्यांना दिसतही नाही. पण शाफ्ट फिरला की ती रेघ ऑइल बाहेर ओढून आणते. सीलची जागा कायम ग्राइंडच हवी, आणि तीसुद्धा ग्राइंडिंगचं चाक आडवं न सरकवता. घरी पॉलिश पेपर मारतानाही हेच. ६०० नंबरचा पेपर एका जागी धरून फ्लँज फिरवायची, पेपर पुढे-मागे सरकवायचा नाही.

पेठेतला

सील नाना पेठेत मिळेल. जाताना जुनं सील काढून हातात घेऊन जा, नुसतं गाडीचं नाव सांगू नका. सीलच्या पाठीवर माप कोरलेलं असतं, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी या क्रमाने. जुन्या जीपना वेगवेगळ्या काळात वेगवेगळी सील लागली आहेत, काहींना इंचातली आहेत. मापावरून घेतलेलं सील बसतं, नावावरून घेतलेलं बसेलच असं नाही. कॅपचं भोक आणि फ्लँजचा व्यास कॅलिपरने मोजून कागदावर लिहून न्या म्हणजे खात्री.

शक्यतो दोन ओठांचं घ्या. आतला ओठ ऑइल अडवतो, बाहेरचा धूळ अडवतो. दोन्ही ओठांच्या मधल्या जागेत ग्रीस भरा. साधं नायट्राइल रबर इथे पुरेसं आहे, केस काही १०० अंशांवर जात नाही. व्हिटॉनचं महाग सील घ्यायची गरज नाही.

आणि सील हातात घेऊन ओठ बोटाने वाकवून बघा. वर्षानुवर्षं दुकानाच्या फळीवर पडलेलं सील नवं असूनही कडक झालेलं असतं.

दापोडीकर

ताईंनी आणि पेठेतल्या दादांनी नेमकं सांगितलंय. त्यात दोन गोष्टींची भर.

पहिली, ब्रीदर. केस गरम झाली की आतली हवा फुगते. तिला बाहेर पडायला ब्रीदर असतो. तो मातीने बुजला की हवा सगळ्यात कमकुवत जागेतून वाट काढते, आणि ती जागा म्हणजे सीलचा ओठ. उलटंही होतं. तापलेली केस ओढ्याच्या थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी ओढून घेते. मग ऑइल दुधाळ होतं. तुम्ही ओढ्यातून गाडी घालत असाल तर निचऱ्याचा बोल्ट उघडून ऑइलचा रंग बघाच.

दुसरी, पातळी. या केसमध्ये ऑइल दीड लिटरच्या आसपास मावतं, म्हणजे फार थोडं. कमी झालं तर पहिला मार बसतो मधल्या गिअरच्या शाफ्टला, कारण त्या शाफ्टवर गिअर सुयांच्या बेअरिंगवर फिरतो. पण जास्त झालं तरी सील गळतं. आणि या जोडणीत गिअरबॉक्सचं ऑइल मधल्या सीलमधून ट्रान्सफर केसमध्ये उतरू शकतं. तसं झालं तर गिअरबॉक्स कोरडा पडतोय आणि केस तुडुंब भरतेय, आणि बाहेर दिसते फक्त मागच्या सीलची गळती. म्हणून दोन्हीकडचे लेव्हल बोल्ट उघडून बघा. एकीकडे कमी, दुसरीकडे बोल्ट उघडताच धार लागली, तर दुखणं दुसरीकडे आहे.

घाटवाटा५४०

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं त्या क्रमाने उघडलं. काय काय निघालं ते लिहितो.

गिअरबॉक्सची पातळी बरोबर होती. ट्रान्सफर केसमध्ये ऑइल कमी होतं, पण रंग स्वच्छ, दुधाळ नाही. म्हणजे गिअरबॉक्समधून उतरत नाहीये आणि पाणीही शिरलेलं नाही.

ड्रम हलवून पाहिला. पुढे-मागे काही नाही, वर-खाली अगदी किंचित. मॅग्नेटिक स्टँडवर डायल (बारीक हालचाल मोजणारं घड्याळासारखं उपकरण) लावून मोजलं तर मॅन्युअलमधल्या मर्यादेत आहे. त्यामुळे कॅप आणि शिमना हात लावला नाही.

शाफ्ट सुटला, वाट्या बांधून ठेवल्या. फ्लँजचा नट मात्र हटेना. स्प्लिट पिन गंजून भोकातच तुटली होती, ती ड्रिलने काढावी लागली. पान्याला लांब पाइप लावून शेवटी सुटला. ड्रमच्या आत काळा चिखल, ऑइल आणि लायनरचा भुगा एकत्र झालेला. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून हवा मारली नाही. ओल्या फडक्याने पुसून फडकी पिशवीत बांधून ठेवली. लायनर ऑइल पूर्ण प्यायलेत. एका मित्राने पेट्रोलमध्ये बुडवून काडी लावायला सुचवलं, ते मी करणार नाही. नवे लायनर मारून घेतो.

आता मुख्य गोष्ट. सील बाहेर काढलं तेव्हा ओठ खिळ्यासारखा कडक होता, वाकवला तर चीर गेली. फ्लँज पुसून उजेडात धरली. सीलच्या जागी चकचकीत खोबण आहे, तिच्या दोन्ही बाजूंना मूळ राखाडी रंग. नख स्पष्ट अडकतं.

आणि ब्रीदर सापडतच नव्हता. शेवटी स्क्रू-ड्रायव्हरने काळा थर खरवडला तेव्हा खाली निघाला. मागच्या पावसाळ्याआधी एका ठिकाणी गाडीखाली गंजरोधक कोटिंग करून घेतलं होतं, त्यांनी ब्रीदर न झाकता वरून फवारा मारलाय. ब्रीदर पूर्ण बंद. गळती कोटिंगनंतरच वाढली, आता दोन्ही गोष्टी जुळतात.

लेथवाली ताई, खोबणीचे फोटो टाकलेत. स्लीव्ह पुरेल की क्रोम?

लेथवाली

फोटो पाहिले. स्लीव्ह पुरेल. खोबण खोल वाटते, पण रुंदी थोडी आहे, दोन्ही बाजूंना चांगला आधार आहे. इपॉक्सी पातळ भरा आणि ओली असतानाच स्लीव्ह चढवा, म्हणजे जास्तीची बाहेर येते आणि आत पोकळी राहत नाही.

स्लीव्हबरोबर एक वाटीसारखं टूल येतं. कड आत जाईल अशी स्लीव्ह ठेवा, वरून टूल, आणि मधोमध हळू ठोका. तिरकी गेली तर लगेच थांबा. पत्रा इतका पातळ आहे की एकदा चुरगळला की सरळ होत नाही. बसल्यावर जिथे सीलचा ओठ येणार तिथे पूर्ण झाकलं गेलंय ना, ते सीलच्या खोलीशी मोजून पाहा.

कोटिंगबद्दल सगळ्यांनाच सांगते. पुण्यात पावसाळ्याआधी सगळे अंडरबॉडी कोटिंग करतात, करायलाच हवं. पण गाडी देताना ट्रान्सफर केस, गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफरन्शियलचे ब्रीदर चिकटपट्टीने झाकून घ्या आणि परत घेताना पट्टी काढली का ते खाली बघूनच निघा.

नवखा_बाणेर

एवढी सगळी माहिती एका ठिकाणी मराठीत वाचायला मिळाली. वाचनखूण साठवली आहे. सील बसवताना स्प्रिंग कुठल्या बाजूला ठेवायची?

पेठेतला

स्प्रिंग ऑइलच्या बाजूला, म्हणजे केसच्या आत. उघडी बाजू आत, सपाट माप लिहिलेली बाजू बाहेर.

दापोडीकर

बसवताना सीलच्या बाहेरच्या कडेला सीलंटचा अगदी पातळ हात. ओठाला ऑइल किंवा ग्रीस, कोरडा ओठ पहिल्या किलोमीटरमध्येच जळतो. (फार जुन्या जीपमध्ये चामड्याची सीलं असत, ती आधी ऑइलमध्ये भिजत घालावी लागत. आता ते दिवस गेले.) ठोकताना सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा पाइपचा तुकडा किंवा सपाट लाकडी ठोकळा घ्या, म्हणजे दाब सगळीकडे सारखा येतो. एका कडेवर हातोडी मारून बसवलेलं सील आत वाकडंच बसतं.

फ्लँज चढवायच्या आधी तिच्या आतल्या लांब खाचा (स्प्लाइन) पुसून त्यांच्या बाहेरच्या टोकाला आणि नटाच्या वॉशरखाली थोडं सीलंट लावा. ऑइल या खाचांमधून सरकत नटाखालून बाहेर येतं. ते पाहून लोकांना वाटतं नवं सील गेलं, आणि चांगलं सील परत उपसतात.

नट टॉर्क पान्याने मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंत कसा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे घ्या, मागे सोडू नका. स्प्लिट पिन नवी घाला.

जिप्सीवेडा

हा धागा वाचून कुणी डिफरन्शियलच्या पिनियनचं (शाफ्टची ताकद आत नेणारा छोटा गिअर) सील बदलायला बसणार असेल तर त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. तिथे असा नट सरळ सोडून परत आवळू नका. बऱ्याच डिफरन्शियलमध्ये पिनियनच्या बेअरिंगचा दाब त्या नटाने दबणाऱ्या नळीवर ठरतो. नट जास्त आवळला की बेअरिंग जळतं, कमी आवळला की गिअर ओरडतो. स्पायसर १८ मध्ये दाब शिमने ठरतो म्हणून घाटवाटांचं काम सोपं झालं. दिसायला दोन्ही सीलं सारखीच असतात.

मुठाकाठ

काढलेलं ऑइल आणि रॉकेलने धुतलेलं पाणी कुठे टाकलं? विचारायचं कारण, पार्किंगमधली नाली शेवटी नाल्याला आणि नाला मुठेला मिळतो. जुनं ऑइल डब्यात भरून नोंदणीकृत गोळा करणाऱ्यांकडे द्या, बरीच मोठी गॅरेजेस ठेवून घेतात. आणि ट्रेकच्या वाटांवर गाड्या नेणाऱ्या सगळ्यांना विनंती, गळती सुरू असलेली गाडी ओढ्यात उतरवू नका. वेल्ह्याच्या बाजूला तेच ओढे गावांना पाणी देतात. पाण्यावर ऑइलचा रंगीत तवंग दिसतो तेव्हा ते खालच्या वाडीपर्यंत पोचलेलं असतं.

घाटवाटा५४०

मुठाकाठ, ऑइल डब्यात भरलंय आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये देऊन आलो. धुण्यासाठी खाली पत्र्याचा ट्रे ठेवला होता, तेही डब्यातच गेलं. ओढ्यांबद्दल तुमचं म्हणणं अगदी बरोबर, गळती सुरू झाल्यापासून गाडी डांबरी रस्ता सोडून गेलेली नाही.

काम पूर्ण झालं. स्लीव्ह सरळ बसली. दोन ओठांचं सील मापावरून नाना पेठेतच मिळालं. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुतला, तोंडाने फुंकून मोकळा आहे ना ते पाहिलं. नव्या लायनरसकट हँडब्रेक जुळवला. गिअर ऑइल ८० डब्ल्यू ९० जाडीचं, जीएल ४ दर्जाचं भरलं. आत ब्राँझचे थ्रस्ट वॉशर आहेत आणि जीएल ५ मधली काही रसायनं पिवळ्या धातूला त्रास देतात असं बऱ्याच जणांकडून ऐकलंय, म्हणून जीएल ४ वर थांबलो. लेव्हलच्या भोकातून ऑइल बाहेर यायला लागेपर्यंतच भरलं.

मग परत तीच टाल्कम पावडर. ताम्हिणीपर्यंत जाऊन आलो, येताना घाटात लो रेंजमध्येही (ट्रान्सफर केसचा हळू पण जास्त जोराचा गिअर) चालवली, म्हणजे केस चांगली तापली. परत आल्यावर पाहिलं तर ड्रमची कड पांढरीच्या पांढरी. पत्र्यावर रेघ नाही. चढावर हँडब्रेक ओढून ब्रेकवरचा पाय काढला, गाडी जागची हलली नाही.

एक प्रश्न राहिलाय. पुढच्या शाफ्टचं सील अजून कोरडं आहे, पण वय तेवढंच. तेही आताच बदलून टाकू का?

दापोडीकर

कोरडं असेल तर हात लावू नका. ब्रीदर मोकळा झालाय, त्यामुळे त्यावरचा दाबही कमी झालाय. पुढची फ्लँज फोर बाय फोर लावल्यावरच जोराने काम करते, तिची झीज मागच्यापेक्षा कमी असते. मापाचं सील आणून डब्यात ठेवा, उन्हात नको. पावसाळा संपला की पुन्हा पावडर मारून बघा, ओलं दिसलं तर त्याच दिवशी उघडा.